रिकाम्या गाडीचं वजन

१

ऑटोमॅटिक गाडीला घाबरणारे मेकॅनिक मी खूप पाहिलेत. बॉनेट उघडतात, आत डोकावतात, मान हलवतात आणि बॉनेट परत लावतात. मी अकरा वर्षं मस्कतला काढली. तिथे निम्म्याहून जास्त गाड्या ऑटोमॅटिकच, त्यामुळे माझी भीती तिकडेच संपली. त्र्याण्णव साली परत आलो आणि नेरूळला पत्र्याची शेड टाकली. तेव्हापासून आखातातून गाडी घेऊन आलेला माणूस आज ना उद्या शिवरामकडेच येतो. मीही त्याला दहा मिनिटं ताटकळत ठेवतो, कारण माणसाला आपली किंमत कळलेली बरी. शेडमध्ये देवाचा एक फोटो आहे, तो बायकोने लावलाय. लिंबू-मिरची मात्र मी लावू दिली नाही. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे तिथे माझा हात पोचतो, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

चारुलता मॅडमना मात्र मी कधी ताटकळत ठेवलं नाही. त्या राहायला बेलापूरला, नोकरी वाशीच्या बँकेत. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर. क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून नवऱ्याने बाहेरून वापरलेली जपानी ऑटोमॅटिक गाडी आणून दिली होती. नवरा, आशुतोष, जहाजावर. वर्षातले आठ महिने समुद्रात.

सत्त्याण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत त्या गाडी घेऊन आल्या. बरोबर मुलगी क्षिप्रा, सात वर्षांची, हातात स्किपिंगची दोरी.

"भाऊ, गाडी मध्येच जड होते," मॅडम म्हणाल्या.

"जड म्हणजे?"

"म्हणजे गाडीत आम्ही दोघीच असतो, पण ओढते अशी की जणू फुल भरलीय. दिवाळे फाटा सोडला की सुरू. गिअर आपोआप खाली पडतो, इंजिन ओरडायला लागतं. परवा हायवेवर एकदम दुसऱ्या गिअरला पडली. मागून टँकर येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो."

बोलताना त्यांचा हात क्षिप्राच्या डोक्यावर होता.

"आशुतोष म्हणतो, टेन्शन नको, विकून टाक. विकून काय करू? बसची पायरी मला चढता येत नाही. गाडी गेली की माझी नोकरी गेली समजा, हिची शाळाही बदलावी लागेल."

"गाडी कुठे जात नाही मॅडम. सोमवारी शाळा उघडेल, त्याच दिवशी तुमच्या हातात देतो. माझा शब्द."

शब्द देऊन मोकळं व्हायची मला वाईट खोड आहे.

२

ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हे एक डबी ठरवते. पुस्तकात तिला ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल म्हणतात, आम्ही गिअरचा कंप्युटर म्हणतो. जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढी असते आणि या गाडीत ती ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली बसवलेली होती. तिला डोळे नाहीत. माणसाने पाय किती दाबलाय आणि चाक किती फिरतंय, या दोन गोष्टी तेवढ्या तिला कळतात. पाय दाबूनही चाक हवं तेवढं फिरलं नाही, तर ती समजते की गाडी चढावर आहे, नाहीतर माणसांनी भरलेली आहे. मग ती खालचा गिअर टाकते. बिचारीचा सगळा कारभार अंदाजावर.

मी ट्रायलला निघालो. नेरूळचा तो रस्ता इतका सपाट, की पाणी ओतलं तर जागीच राहील. गाडीत मी एकटा. तरी पहिल्या मिनिटात गिअर खाली पडला आणि इंजिन ओरडायला लागलं. मॅडमनी वाढवून सांगितलं असेल असं मला वाटलं होतं, पण नाही. गाडी खरोखरच जड होती. स्टिअरिंगलाही ते कळत होतं, वळताना मागचा भाग जरा उशिरा येत होता.

शेडमध्ये येऊन मी डॅशबोर्डखालच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. तसं केलं की मीटरमधला दिवा उघडझाप करून बिघाडाचा नंबर सांगतो. एक लांब, चार आखूड. मस्कतहून आणलेल्या झेरॉक्स पुस्तकात पाहिलं: आतला दोष, मॉड्यूल बदला. सीट काढून डबी उघडली, तर चार पिनांवर हिरवट बुरशी. खाडीची खारी हवा, दुसरं काय!

सगळं जागच्या जागी बसलं. घरापासून फाट्यापर्यंत डबी थंड असते तोवर चालते, तापली की आतली झाळ सुटते. म्हणून रोज फाट्यापासूनच त्रास. मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

वळताना मागचा भाग उशिरा का येतो, याच्याशी डबीचा काही संबंध नव्हता. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण उत्तर हातात आलेलं असताना कोण पुढे शोधतो?

३

त्या गाडीचं मॉड्यूल नवं मिळणं शक्यच नव्हतं. तीन दिवस कुर्ल्याच्या भंगारबाजारात फिरून मी तसंच एक जुनं शोधून काढलं, नंबरातलं शेवटचं अक्षरही जुळत होतं. ते तीन दिवस गाडी माझ्या शेडमध्ये चारही दारं सताड उघडी टाकून उभी होती, पुढची सीट बाहेर काढलेली.

शनिवारी सकाळी मॉड्यूल बसवलं. बॅटरी जोडली. दिवा एकदा लागला आणि विझला, पुन्हा चमकला नाही. ट्रायलला काढली तर काय सांगू! गिअर बदलायचा तो पोटातलं पाणीही हलू न देता. दिवाळे फाट्यापर्यंत मी शीळ घालत गेलो आणि तिथून गाडी वळवली.

तेव्हा नव्या मुंबईत बसची बोंब होती. स्टॉपवर माणसं अर्धा-पाऊण तास उभी असायची. म्हणून ज्याच्याकडे गाडी तो स्टॉपपाशी वेग कमी करायचा, काच खाली करून "नेरूळ, नेरूळ" म्हणायचा, आणि ओळख असो-नसो, तीन माणसं मागे बसवून न्यायचा. सगळेच नवे, सगळेच कुठून कुठून आलेले, त्यामुळे ही एक माणुसकी आम्ही सगळ्यांनी धरून ठेवली होती. मीही कधी चुकवली नाही.

त्या दिवशी फाट्याच्या स्टॉपवर शेडच्या सावलीत दोघं-तिघं उभे दिसले. मी थांबलो. मागे वळून डाव्या दाराची खिटी वर ओढली, दार ढकललं.

"चला नेरूळ! बसा, बसा."

कोणी आलं नाही. वाकून पाहिलं, तर स्टॉप रिकामा. सिमेंटचा बाक आणि त्यावर ऊन. रस्त्यापलीकडे दिवाळे गावची सरस्वती टोपली घेऊन बसली होती. मासळी मी तिच्याकडूनच घेतो.

"मेकॅनिक, कोनाला बोलवतंस रं?" ती ओरडली. "थितं कोन हाय?"

"कोणी नाही, मावशी! ऊन लागलं मला."

मी हसलो, हात लांब करून दार ओढून घेतलं आणि निघालो. शंभर पावलं गेलो असेन. गिअर खाली पडला आणि इंजिन ओरडायला लागलं.

४

कारणं शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही. भंगारातलं मॉड्यूल, तेही सडकंच निघालं असेल. ब्रेक चिकटत असतील. ब्रेक पाहिले, चाकं हाताने फिरवून पाहिली, मोकळी होती. टायरमध्ये हवा बरोबर. डिकी उघडली, तर आत स्टेपनी, जॅक आणि क्षिप्राची विसरलेली स्किपिंगची दोरी.

मग मनात आलं, की डबी म्हणते गाडी भरलेली आहे. दोन वेगवेगळ्या डब्या तेच म्हणतायत. निदान विचारून तर बघू.

तुर्भ्याला मार्केटच्या मागे ट्रकचा वजनकाटा आहे. तिथला सिताराम माझ्या ओळखीचा. केबिनच्या खिडकीत बसून तो ट्रकांची वजनं लिहितो, दिवसभर कोणाकडे मान वर करून बघत नाही. मी गाडी काट्यावर चढवली. हिशोब डोक्यात तयार होता. पुस्तकात गाडीचं वजन एक हजार साठ, मी सत्तर, पेट्रोल आणि हत्यारं धरून फार तर अकराशे साठ.

सितारामने आकडा वाचला. "तेराशे वीस."

"परत बघ."

"काय परत बघ? रिकाम्या गाडीचं काढायचंय ना तुला? मग मागच्यांना उतरव की खाली."

"मागे कोण आहे?"

आता त्याने मान वर केली. गाडीच्या मागच्या काचांना काळी फिल्म होती. "मला काय माहीत? काळी काच तुझी."

"मग मागच्यांना का म्हणालास?"

"सवय रे. लोक क्लीनरला मागे झोपवून वजन करतात. आकडा बोलला म्हणून मी बोललो."

मी गाडीतून उतरलो. काट्यावरचा आकडा बरोबर सत्तरने खाली आला. म्हणजे काटा ठीक होता. मी मागचं दार उघडलं. सीट, सीटवर धुळीचा एक पट्टा, बाकी काही नाही. हात आत घालून सीट दाबून बघावी असं मनात आलं. सितारामही बघत होता. मी हात घातला नाही. दार लावलं आणि परत पुढे जाऊन बसलो, कारण गाडी तिथून हलवायला दुसरं कोणी नव्हतं.

एकशे साठ किलो. त्याला दोनाने भागायचं की तीनाने, हा विचार मी मुद्दाम केला नाही. शेडपर्यंत येताना आरसा मात्र खाली वळवून ठेवला.

५

शेडमध्ये येऊन मॅडमच्या घरी फोन लावला.

"मॅडम, फाट्यावर तुम्ही थांबता का कधी?"

"रोज थांबते की. कोणी उभं असलं तर घेते. तुम्ही नाही घेत?"

"घेतो. हा त्रास ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी कोणाला घेतलं होतंत?"

"नाही. त्या दिवशी मजाच झाली. दोघं-तिघं उभे आहेत असं वाटून मी थांबले, क्षिप्राने दार उघडलं, आणि बघते तर कोणीच नाही. का हो? त्याचा काय संबंध?"

"काही नाही. दाराचं बिजागर बघत होतो."

"सोमवारी मिळेल ना भाऊ? सुट्टी संपतेय. रजा पण नाही शिल्लक."

मिळेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मॅडम, गाडीत कोणीतरी बसलंय, आणि बसवलं तुम्हीच, मग मीही? मस्कतला अकरा वर्षं काढलेला माणूस, ज्याच्या शेडमध्ये लिंबू-मिरची नाही! त्या हसल्या असत्या, नाहीतर घाबरल्या असत्या. हसल्या तर माझी अब्रू, आणि घाबरल्या तर त्यांची नोकरी. आणि मला स्वतःलाही ते पटलेलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो. भीती वाटत होती, पण पटलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी एक काम केलं. पाय किती दाबलाय हे मॉड्यूलला सांगणारी वायर कापली आणि तिथे एक रेझिस्टर लावला. पंचवीस पैशांच्या नाण्याहून लहान वस्तू. आता डबीला कायम वाटणार की पाय हलका आहे, गाडी हलकी आहे. ती फक्त वेग बघून गिअर बदलणार, भाराचा विचारच करणार नाही. हायवेवर अचानक दुसऱ्या गिअरला पडायची भीती संपली. टँकरचा प्रश्न सुटला, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटंही नव्हतं.

६

सोमवारी दुपारी चारला मॅडम रिक्षाने गाडी न्यायला येणार होत्या, क्षिप्राला घेऊन. सकाळपासून माझं कामात लक्ष लागेना. क्षिप्रा मागे बसते, एवढंच डोक्यात फिरत होतं. तीन वाजता मी गाडी काढली आणि फाट्यावर गेलो.

स्टॉपपाशी थांबलो. कोणी नव्हतं. रस्त्यापलीकडे सरस्वती बसलेली, तिच्याकडे पाठ करून मी मागची दोन्ही दारं उघडली आणि उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, बसचा कंडक्टर म्हणतो तसं.

"दिवाळे फाटा. चला, उतरून घ्या."

स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटली. एक डंपर गेला, त्याच्या धुळीत मी डोळे मिटून घेतले. मग थोडा वेळ काहीच नाही. किती वेळ द्यायचा असतो? म्हातारी माणसं असतील तर वेळ लागतो. हा विचार मनात आला आणि अंगावर काटा आला.

"मेकॅनिक," सरस्वती पलीकडून म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही. "दारा लाव आनि जा बाबा. नको उभा राहू थितं."

मी दारं लावली आणि निघालो. शंभर पावलं गेलो. दोनशे. गिअर पडला नाही. इंजिन शांत, गाडी मऊसूत. माझा जीव भांड्यात पडला. उतरले, मी मोठ्याने म्हणालो, उतरले बाबा एकदाचे! पार नेरूळच्या सिग्नलपर्यंत मी हसत होतो.

सिग्नलला थांबल्यावर माझं हसू थांबलं. गिअर पडणार कसा? ती वायर मीच कापली होती. गाडी भरलेली आहे की रिकामी, हे सांगणारी एकच गोष्ट त्या गाडीत होती, आणि तिचं तोंड मी रविवारी बांधून ठेवलं होतं. वळताना मागचा भाग उशिरा येतोय का, हे बघायचा प्रयत्न केला. कधी वाटलं येतोय, कधी वाटलं नाही.

काट्यावर जायला वेळ होता. वीस मिनिटांचा रस्ता. मी गेलो नाही. मला तो आकडा परत बघायचा नव्हता.

७

शेडपाशी मॅडम येऊन उभ्या होत्या. चेहरा उजळलेला.

"झाली?"

"झाली मॅडम. मॉड्यूल बदललं. आता अजिबात गिअर पडणार नाही."

"खात्री?"

"गिअरची खात्री," मी म्हणालो. त्या वाक्यात मी किती लपवलंय हे फक्त मला माहीत होतं.

"तुम्ही किती मोठं काम केलंत तुम्हाला कल्पना नाही, भाऊ. मी तर राजीनामा लिहून ठेवला होता." त्यांनी काठी पुढच्या सीटवर टाकली, दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला आणि स्टिअरिंगवरून असा हात फिरवला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

क्षिप्राने मागचं डावं दार उघडलं. एक पाय आत टाकला आणि थांबली. मग पाय बाहेर घेतला. दार तसंच अर्धवट सोडून ती गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली, तिकडचं दार उघडून कडेला बसली. दाराला अगदी चिकटून, गुडघे जवळ घेऊन, दप्तर मांडीवर, जशी मुलं भरलेल्या रिक्षात बसतात तशी. दार तिने लावून घेतलं. काच खाली होती.

"अगं, अशी काय कोपऱ्यात?" मॅडमनी आरशातून विचारलं. "नीट बस ना. एवढी जागा आहे."

"मला पुरते एवढी," क्षिप्रा म्हणाली.

घाबरलेली नव्हती ती. पाहुणे आल्यावर मुलं शहाण्यासारखी वागतात, तसा तिचा आवाज होता.

आता बोलायचं. हाच क्षण, हे मला स्पष्ट कळत होतं. मॅडम, उतरा, क्षिप्राला उतरवा, एक वायर राहिलीय. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. तोंड उघडलं, तर मॅडमच बोलल्या.

"भाऊ, ते मागचं डावं दार लागलं नाही वाटतं. लावता का जरा?"

दार वीतभर उघडं होतं. मी पुढच्या बाजूने वळसा घालून निघालो. दाराशी पोचायला चार पावलं होती, तेव्हा ते आतून ओढलं गेलं. आपटलं नाही. जाणत्या माणसाने हँडल धरून बेताने ओढावं, तसं लागलं.

मी समोरच्या काचेतून आत पाहिलं. क्षिप्रा पलीकडच्या कडेला होती. तिचे दोन्ही हात दप्तरावर होते.

"थँक यू, भाऊ," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी गाडी चालू केली.